काकी, खांब उघडे राहणार नाहीत

काकी, मी तुझं ऐकणार नाही.

हे तुझ्या तोंडावर सांगून झालं होतं. तुझ्या मंगल कार्यालयाच्या नव्या स्वयंपाकघरात आपण दोघं उभे होतो. तुझ्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा, माझ्या हातात गुंडाळलेला नकाशा. तू हात झटकलास, "आधी जेवून घे, मग अक्कल शिकव," म्हणालीस आणि तुझ्या खानावळीकडे निघालीस. मला वाटलं, उद्या पुन्हा भांडू. तोवर गणपती आले, गणपती गेले, आणि त्यांच्या पाठोपाठ तूही गेलीस. वाद होता तिथेच राहिला आहे, त्या स्वयंपाकघरात, उघड्या लोखंडी खांबाला टेकून.

गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मी भांडणार आहे. तुझ्याशी भांडण्याचा हक्क मी तुझ्याच पंगतीला बसून मिळवला आहे, आणि तो तुझ्या जाण्याने संपत नाही.

आधी वाद काय होता ते नीट मांडतो, कारण तुझ्या घरात तो सध्या भलत्याच रूपात फिरतो आहे. मी तुझ्या शेवटच्या इच्छेच्या आड आलो, असं बोललं जातं. खरी गोष्ट अशी. खानावळीच्या मागच्या परसात तू मंगल कार्यालय बांधायला काढलंस. लोखंडी सांगाड्याचं, दोन मजल्यांचं. खाली स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा, वर लग्नाचा हॉल. नकाशा माझा, आकडेमोड माझी, सही माझी. सांगाडा उभा राहिला तेव्हा मी म्हटलं, हे खांब आणि गर्डर आता आगीपासून झाकायचे आहेत. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी घराला स्वेटर घालायला निघालोय.

"लोखंड जळतं काय रे?"

तिथून सुरू झालं.

मी तुझ्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा मंडणगडच्या एका वाडीतून रत्नागिरीला शिकायला आलेला मुलगा होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. माझ्याच नावाचे अजून दोघं तुझ्याकडे जेवायला होते, म्हणून तू मला नाव सोडून तालुक्यानेच हाक मारायला लागलीस. "ए मंडणगड, भात वाढू काय?" मी घाबरत घाबरत तुला "तुम्ही" म्हणायचो. दोन-चार दिवस तू सहन केलंस. मग सगळ्यांसमोर म्हणालीस, "तुम्ही काय म्हणतोस? मी काय तहसीलदार आहे? काकी म्हण आणि पोटभर जेव."

खोलीत आम्ही तिघं राहायचो आणि दिवा एकच होता. हे मी तुला सांगितलं नव्हतं, तुला कसं कळलं माहीत नाही. दुपारच्या पंगती उठल्यावर कोठीशेजारचं एक टेबल तू पुसून माझ्यासाठी सोडायला लागलीस. त्या टेबलाचं भाडं मात्र होतं. तू भाकऱ्या थापताना विचारायचीस, "आज काय शिकलास?" आणि मला सांगावं लागायचं. मी पुस्तकातलं पाठ म्हणून दाखवलं की थापता थापता मान हलवायचीस. "मला समजलं नाही."

"काकी, ते अवघडच आहे."

"मला समजलं नाही म्हणजे तुला समजलं नाही. पुन्हा सांग."

मग मी दोन चिरे मांडायचो, त्यावर पोफळीची पट्टी आडवी ठेवायचो, मधोमध नारळ ठेवायचो. पट्टी वाकायची. वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो, पट्टी उभी धरली तर कमी वाकते, हे सगळं मी तिथे शिकलो. परीक्षेत तेच लिहिलं. आज माझ्या नावापुढे पदवी लागते. घरातली पहिली आणि अजून तरी एकटीच. तिचं मूळ त्या पोफळीच्या पट्टीत आहे. हे उपकार मी मानतो. ते मानूनच सांगतो, खांबांच्या बाबतीत तू चुकत होतीस.

लोखंडी सांगाडा ही कल्पना माझी, पण तिला कारण तू होतीस. "मधे खांब नको," हे तुझं पहिलं वाक्य होतं. "आयुष्यभर लोकांच्या लग्नात जेवण करत आले. खांबामागे बसलेल्या माणसाला लग्न दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. त्याने काय नुसत्या अक्षता फेकायच्या?" एवढा रुंद हॉल मधल्या खांबाशिवाय हवा, तोही पावसाआधी उभा राहायला हवा, म्हणून लोखंड. सावर्ड्याच्या शेडमध्ये गर्डर तयार झाले, ट्रकमधून आले आणि बघता बघता सांगाडा उभा राहिला. तू छत्री लावून खुर्ची टाकून बसायचीस. नटबोल्ट आवळणाऱ्यांना वर चहा पोचायचा आणि खालून तुझ्या सूचना.

गंजाबद्दल तुला सांगावं लागलं नाही. आपल्याकडे ते कुणालाच सांगावं लागत नाही. खारी हवा खिडकीचे गज खाते, फाटकाची बिजागरं खाते, भाट्याच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभी केलेली स्कूटर दोन पावसाळ्यांत खाते. लोखंडाचा वैरी म्हणजे गंज, हे आपण आईच्या दुधाबरोबर शिकतो. म्हणून तांबडा प्रायमर लागत असताना तू प्रत्येक खांबाला नख लावून बघितलंस. जोडाच्या मागे रंग पोचला नाही म्हणून एका रंगाऱ्याला पुन्हा वर चढवलंस. तिथे मी तुझ्या बाजूचा होतो. पण एवढं झाल्यावर तुझ्या लेखी लोखंडाचं सगळं झालं होतं. लोखंडाला दुसराही वैरी असतो हे तू मानायलाच तयार नव्हतीस.

"लोखंड जळत नाही, काकी. बरोबर. पण लोखंड थकतं."

"म्हणजे?"

"तापलं की त्याची ताकद जाते. साडेपाचशे-सहाशे अंशांच्या आसपास निम्मी गेलेली असते. आणि हॉलमधले पडदे, खुर्च्यांची कव्हरं, थर्माकोलची सजावट पेटली तर तेवढं तापायला फार वेळ लागत नाही."

"माझा तवा बघ. लग्न करून आले तेव्हापासून आगीवर आहे. थकलाय? मी थकले, तो नाही थकला."

"तव्यावर काय असतं? एक भाकरी. माझ्या खांबाच्या डोक्यावर वरचा अख्खा मजला आहे आणि त्यावर दोन्हीकडचं वऱ्हाड आहे."

"माझ्या तव्याला नावं ठेवू नको हां, मेल्या."

असे आपले वाद चालायचे. मी म्हणायचो, तापलेला गर्डर नुसता वाकत नाही, आधी लांब होतो. लांब व्हायला जागा मिळाली नाही की शेजारच्या भिंतीला आणि खांबाला ढकलतो. नंतर खाली झोळ धरतो आणि त्यांनाच आत ओढतो. तू म्हणायचीस, "अगदी आमच्या मोठ्या जाऊबाईसारखा." मी हसायचो आणि मुद्दा राहून जायचा. मग एकदा तू सगळ्यात खरा प्रश्न विचारलास. त्याचं उत्तर मी घाईत दिलं होतं, आता सावकाश देतो.

"आग लागली तर माणसं पळतील ना? इमारत पडायची वाट बघत बसतील काय?"

पळतील, काकी. ज्यांना पळता येतं ते पळतील. तुझ्या कार्यालयात वर नवरीची खोली आहे. तिथे शालू नेसलेली नवरी, तिच्या अंगाखांद्यावरचे दागिने, तिला सावरणाऱ्या बायका आणि कोपऱ्यातल्या पलंगावर आडवी झालेली कुणाची तरी आजी. खाली जेवणाला बसलेली, गुडघे दुखणारी म्हातारी माणसं. त्यांना जिन्यापर्यंत यायला वेळ लागतो. आणि सगळी बाहेर आली तरी आगीच्या बंबावरची माणसं आत शिरतात, कुणी राहिलं आहे काय ते बघायला. त्या वेळी वरचा मजला वरच राहिला पाहिजे. इमारत आगीत कधीच पडणार नाही असं वचन मी देत नाही, कुठलाच इंजिनीअर देत नाही. आम्ही वेळ मागतो. खांबावर आवरण चढवतो तेव्हा लोखंडाला तापायला उशीर लावतो, एवढंच. तो उशीर म्हणजे ती आजी जिना उतरते तो वेळ.

भाट्याच्या लग्नातली तिवई मी विसरलेलो नाही. तूही विसरली नव्हतीस, म्हणून तर तिचं नाव काढलं की चिडायचीस.

तेव्हा आम्ही मुलं तुझ्याबरोबर वाढपी म्हणून जायचो. माडांच्या सावलीत चूल मांडली होती. मोठ्या टोपाखाली ठेवायची ती लोखंडी तिवई, वर भाताचा टोप, खाली लाकडं रसरसलेली. शेवंती टोपाशेजारी उभी राहून झारा फिरवत होती. शेवंती तेव्हा तुझ्याकडे नवीनच लागली होती, परकर-पोलक्यातून नुकतीच साडीत आलेली. तिवईचा एक पाय मुडपायला लागला. आवाज नाही, काही नाही. नुसता हळूहळू, दमलेला माणूस खाली बसतो तसा. सगळ्यांच्या आधी तुला दिसलं. तू ओरडलीस आणि शेवंतीला वेणीला धरून मागे खेचलंस. टोप कलंडला. उकळतं पाणी तुझ्या पावलावर आलं.

पाय बादलीत बुडवून तू दुसरा भात चढवायला लावलास. वऱ्हाडाला काही कळलंसुद्धा नाही. उशिरा पान वाढलं म्हणून एक व्याही कुरकुरले, त्यांना तू म्हणालीस, "भात तुमच्या मुलासारखा आहे, भाऊ. जरा उशिरा शिजतो." डाव्या पावलावरचा तो डाग शेवटपर्यंत होता.

तू खापर फोडलंस लोहारावर. "हलकं लोखंड घातलं. फसवलं मेल्याने." त्या लोहाराकडे तू पुन्हा विळीसुद्धा धार लावायला पाठवली नाहीस. मी इंजिनीअर झाल्यावर तुला सांगितलं, लोखंड हलकं नव्हतं. थंड असताना त्या तिवईने तसे दोन टोप पेलले असते. ती तापली, थकली आणि बसली. तू म्हणालीस, "म्हणजे मी त्याला इतकी वर्षं उगाच शिव्या दिल्या?"

"हो."

"गप. तू काय त्याचा वकील आहेस?"

तो विषय तिथे संपला. पण काकी, तिवई तुझी होती, पाय तुझा भाजला होता, आणि तरीही नव्या खांबांशेजारी उभी राहून तू मला विचारत होतीस, लोखंडाला आगीचं काय होतं?

दुसरं भांडण मागच्या दाराचं. तुझी पद्धत सगळ्या रत्नागिरीला ठाऊक होती. पंगत बसली की स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला कुलूप आणि किल्ली कमरेला. "लग्नघरातून नवरी जाते ती एकदाच. डाव आणि पळ्या रोज जातात." मी म्हटलं, नव्या स्वयंपाकघराचं हे दार बाहेरच्या बाजूला उघडेल, आतून नुसतं अंग टेकलं की उघडेल, आणि आत माणसं असताना त्याला कुलूप लागणार नाही. बाहेरून ते उघडता येणार नाही, म्हणजे चोर आत येणार नाही.

"चोर आतच असतो रे. वऱ्हाडाबरोबर येतो, दोनदा श्रीखंड मागतो."

यावर मी अजूनही हसतो. पण किल्ली तू दिली नाहीस. गॅसचे सिलिंडर भिंतीबाहेर, जाळीच्या कोठीत ठेवायला तू तयार झालीस. स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा यांच्यामध्ये पक्की भिंत घालायलाही कुरकुरत तयार झालीस, कारण त्यामुळे फोडणीचा ठसका पाहुण्यांना लागणार नव्हता. खांब आणि कुलूप या दोन गोष्टींवर मात्र तू बसून राहिलीस. खांब झाकले की जाड होतात, प्रत्येक ओळीत एक पान कमी बसतं. आणि तुझं खरं कारण वेगळंच होतं. तुला ते उभे, सरळ, लाल रंगातले खांब आवडले होते. "झाकले की काहीतरी लपवल्यासारखं वाटतं," म्हणालीस. त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. तू जिंकल्यासारखी किल्ल्या वाजवत निघून गेलीस. तीच आपली शेवटची भेट.

उत्तर सुचलं ते तुझ्या दिवसकार्याला.

सुहास मुंबईहून आला होता. तुझा मुलगा वाईट नाही, काकी, हे मी तुलाच काय सांगू. तो रडून रडून सुजला होता आणि त्याला काहीतरी करायचं होतं, लगेच, तुझ्या नावाने. परसातल्या पत्र्याखाली चुली पेटत होत्या. त्याने मला बाजूला नेलं.

"तुळशीच्या लग्नानंतरचं पहिलं लग्न आईने स्वतः घेतलंय. शब्द दिलाय. खांब झाकत बसलो तर वेळेत होणार नाही. आणि तिने मला फोनवर सांगितलं होतं, झाकू देऊ नको. शेवटची इच्छा समज."

"मी सही करणार नाही, सुहास."

"दुसरा इंजिनीअर करतोय. बोललोय मी."

"मग मी लेखी कळवीन की या सांगाड्याला आगीचं आवरण नाही."

"तू आमच्याविरुद्ध जाणार?"

"हो."

तुझी नणंद तांदूळ निवडत सगळं ऐकत होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, "जिचं अन्न खाल्लंस तिचं मन मोडतोस रे?"

"खाल्लंय म्हणूनच मोडतोय," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच माझा. दिवसकार्याच्या घरात चढू नये एवढा चढला. चार माणसं वळून बघायला लागली. मी मान खाली घातली नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, मंडणगडला आता तोंड फुटलं.

तेवढ्यात चुलीकडून सुहासला हाक आली, भटजी खोळंबलेत. तो वैतागून तिकडे गेला. मीही मागोमाग गेलो. शेवंती उकिडवी बसून टोपाच्या बुडाला राख आणि मातीचा लेप देत होती. आता तिचेही केस पिकले आहेत.

"अगं चढव लवकर," सुहास म्हणाला. "लेप-बीप राहू दे. उशीर होतोय."

"लेप दिल्याशिवाय चुलीवर? काकींनी हात तोडला असता माझा."

"आज आई नाहीये."

"म्हणून काय झालं?" शेवंती म्हणाली आणि लेप देत राहिली.

एक टोप झाला. दुसरं पातेलं ॲल्युमिनियमचं होतं, पातळ. त्याला एक हात देऊन झाल्यावर तिने वाळायची वाट बघितली आणि वरून दुसरा हात दिला. पातळ बुडाला जाड लेप. मी ते कितीतरी वर्षं बघत आलो होतो. तुझ्या कोठीशेजारच्या टेबलावर बसून, समोर पुस्तक उघडं ठेवून, बघत आलो होतो. कॉलेजात मला शिकवलं की लोखंडाचा भाग जितका पातळ तितका तो लवकर तापतो, म्हणून त्याला आवरण जास्त जाड लागतं. भरीव, जड भागाला कमी पुरतं. आम्ही त्यासाठी कोष्टकं बघतो. तुला बोटाने कळायचं. आणि मी, शहाणा, तुला अंश आणि टक्के सांगत बसलो होतो.

तू म्हणशील, तो लेप काजळी धरू नये म्हणून असतो, घासायला सोपं जावं म्हणून. मान्य, काजळीसाठीही असतो. मग पातळ पातेल्याला दोन हात का? काजळी काय पातळ भांडं बघून जास्त धरते? त्याचं बुड जळू नये म्हणूनच ना? आता बोल, काकी. तीनशे माणसांच्या भाताच्या टोपाला तू लेपाशिवाय आगीजवळ जाऊ दिलं नाहीस आणि तीनशे माणसांना डोक्यावर घेणाऱ्या खांबाला उघडं ठेवतेस? टोपाला लेप दिला तेव्हा कधी वाटलं, काहीतरी लपवतोय?

सुहासला मी नुसतं म्हटलं, "बघ." तो शेवंतीच्या हाताकडे बघत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी लहानपणी एकदा लेप न देता दुधाचं पातेलं ठेवलं होतं. बुडाला भोक पडलं. आईने ते पातेलं महिनाभर दारात टांगून ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला."

"मलाही दाखवलं होतं," मी म्हणालो.

तो रडता रडता हसला. चूल पेटली, टोप चढला. जेवणं होईपर्यंत तो पंगतीत वाढत राहिला. हात धुताना माझ्याशेजारी आला.

"किती दिवस लागतील?"

"पहिलं लग्न इथे नाही होणार."

"आईचा शब्द आहे."

"चल, आपण दोघं जाऊन सांगू."

आम्ही गेलो. नवरीचे वडील आधी रागावले, आणि ते बरोबरच होतं. मी तुझ्या खांबांची गोष्ट सांगितली, तिवईची सांगितली. त्यांनी आपल्या मुलीकडे बघितलं. शेवटी म्हणाले, अंगणात मांडव घालू, पण जेवण तुमच्याच खानावळीचं पाहिजे. म्हणजे तुझा शब्द अगदीच गेला नाही. पण गेला असता तरी मी हेच केलं असतं. तुझ्यापासून लपवून ठेवण्यासारखं ते नाही.

काम आता चालू आहे. खालच्या मजल्यावर खुर्च्या आदळणार, भांडी घासटणार, मांडववाले खिळे ठोकणार, म्हणून तिथले खांब जाळी गुंडाळून काँक्रीटमध्ये घेतलेत. बाहेरून जांभ्या चिऱ्याची बांधणी आहे. खरं सांगतो, हिशेबात मी काँक्रीटच धरलंय. चिरा तुझ्यासाठी आहे. तीन चिऱ्यांच्या चुलीवर तू जन्म काढलास, आता तुझे खांबही चिऱ्यात उभे आहेत. वरचे गर्डर आणि खांब यांना तो रंग दिलाय, आच लागली की जो फुगून जाड होतो आणि लोखंडाला पांघरूण घालतो. त्यावर भलताच तेलरंग मारायचा नाही, नाहीतर तो फुगणार कसा, हे मी रंगाऱ्याला तुझ्या आवाजात सांगितलं. त्याला पटलं. तुझ्या आवाजात सगळ्यांना पटतं. तुझा तांबडा प्रायमर सगळ्याच्या खाली तसाच आहे. त्याच्यावर नख चालत नाही, झाकण्याआधी मी लावून बघितलं.

हो, प्रत्येक ओळीत एक पान कमी बसतं. बसू दे.

मागच्या दाराचा कडी-कोयंडा मी काढून टाकला. किल्ल्यांचा जुडगा सुहासने माझ्या हातात ठेवला तेव्हा त्यातली ती एक किल्ली मी वेगळी केली. ती आता कशालाच लागत नाही. डाव-पळ्या जातील, काकी. दोनदा श्रीखंड मागणारा घेऊन जाईल. जाऊ दे. दारापर्यंत पोचलेलं माणूस दारातच अडकणार नाही.

एक गोष्ट शेवंतीने सांगितली. यंदा गणपतीत तू त्या लोहाराच्या घरी उकडीचे मोदक पाठवलेस. का, ते तिला सांगितलं नाहीस. मलाही बोलली नाहीस. सुहास म्हणतो, बघ, म्हणजे आईला पटलं होतं. मी तसं म्हणणार नाही. तू कुणालाही मोदक पाठवतेस. वादात तुझी मान्यता हवी होती मला, पण ती तुझ्या माघारी तुझ्या नावावर मी लिहून घेणार नाही. पटलं नव्हतं असंच धरून चालतो. तुला न पटताही हे करायला लागणार होतं, एवढंच मला ठाऊक आहे.

मला समजलं नाही म्हणजे तुला समजलं नाही, म्हणायचीस. खरं होतं. मी तुला नीट सांगितलं नव्हतं. आता पुन्हा सांगतो, थोडक्यात: आगीजवळ जाणाऱ्या भांड्याला लेप, आणि पातळ बुडाला जाड. बस, एवढंच इंजिनीअरिंग आहे हे. तू भाकरी थापता थापता मान हलवून दाखव, नाहीतर "पुन्हा सांग" म्हण.

मी पुन्हा सांगेन. हवं तितक्यांदा सांगेन. लेप मात्र आता उतरणार नाही.